सव्वा किलोच्या आतलं ऑफिस

आखातातल्या मराठी घरांत ऑफिसचा लॅपटॉप हा भाड्याच्या घरासारखा असतो. राहतो आपण, किल्ल्या दुसऱ्याच्या. मुलांचे प्रोजेक्ट त्याच्यावर होतात, विमानाची तिकिटं त्याच्यावर निघतात, आजीचा साठीचा व्हिडिओ त्याच्यावरच जोडला जातो. नोकरीचा शेवटचा दिवस येतो तेव्हा ओळखपत्र, पार्किंगचं कार्ड आणि लॅपटॉप एकत्रच टेबलावर ठेवावे लागतात. मग घरात एवढे मोबाइल, एवढे टॅब असूनही चार ओळींचा अर्ज नीट लिहायला एक साधन उरत नाही.

आमच्याकडे हे गेल्या फेब्रुवारीत घडलं. नवऱ्याच्या कंपनीने, तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही, त्याचा अख्खा विभाग बंद केला. नोकरी गेल्यावर काय काय करायचं असतं ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. जानेवारी २०२३ पासून सक्तीचा झालेला बेरोजगारी विमा आहे, त्याचा दावा भरायचा. व्हिसाच्या मुदतीचे दिवस मोजायचे. शाळेची फी कोणत्या तारखेला आहे ते पाहायचं. हे सगळं तो मोबाइलच्या स्क्रीनवर दोन बोटांनी करत होता. सीव्ही मोबाइलवर उघडला की रकाने एकमेकांवर चढायचे. मुलाखती टीम्सवर. शिवाय माझा शनिवारचा मराठीचा वर्ग होताच. पुण्यात सहा वर्षं शाळेत मराठी शिकवलं, इथे आल्यावर काही वर्षं घर आणि मुलगी, आणि नंतर नऊ मुलांचा ऑनलाइन वर्ग. (ज्यांना असा वर्ग घ्यायचा आहे त्यांच्यासाठी: डिसेंबर २०२३ पासून इथे खाजगी शिकवणीसाठी रीतसर परवाना मिळतो, अर्जाला फी नाही, मुदत दोन वर्षं. तो जरूर काढावा.) वर्गासाठीही मी त्याचाच लॅपटॉप वापरत होते.

तेव्हा ठरलं, घराचा स्वतःचा लॅपटॉप घ्यायचा. मर्यादा दीड हजार दिरहम. त्याच्यावर एक दिरहम नाही, कारण पुढचा पगार कधी हे माहीत नव्हतं. हलका हवा, कारण वेळ आली तर तो घेऊन पुण्याला परतायचं होतं. आणि टिकाऊ हवा.

आमच्या इमारतीतल्या एकाने लगेच सल्ला दिला, "मॉलमध्ये सेल आहे, बाराशेत नवा कोरा मिळतो." गेलो, पाहिला. रंग छान, मागचं झाकण बोटाने दाबलं की लपकत होतं, रॅम चार जीबी. अशा किमतीत नवेपणाशिवाय फारसं काही मिळत नाही. माझ्या धाकट्या दिराने हिंजवडीहून फोनवर सांगितलं, "वहिनी, त्या पैशात जुना बिझनेस लॅपटॉप बघ. ऑफिसांतून निघालेला." मी अभ्यासाला लागले. शिक्षकाला एवढं एक येतं, माहिती नसलेल्या विषयाची वही घालणं.

बिझनेस लॅपटॉप म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर दुकानात क्वचित मिळतं. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड (२०२५ पासून डेलने ही नावं बदलून 'डेल प्रो' असं सुरू केलं आहे) आणि एचपीचे एलिटबुक हे तीन प्रमुख घराणे. ही यंत्रं कंपन्या शेकड्यांनी घेतात, त्यामुळे ती दुरुस्त करता येतील अशी बांधलेली असतात. बिजागरी भक्कम, कीबोर्डचा स्पर्श चांगला, खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडणारं. विशेष म्हणजे कोणता भाग कसा काढायचा याची पूर्ण पुस्तिका या कंपन्या सर्वांसाठी खुली ठेवतात. बऱ्याच कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळी यंत्रं एकदम बदलतात आणि ती बाजारात येतात. नवं असताना सहा-सात हजार दिरहमचं असलेलं यंत्र हजार-दीड हजारात मिळतं ते यामुळे. चोरीचा माल असेल ही आपल्या लोकांची पहिली शंका असते. ती अगदीच निराधार नाही, तिच्यावरचा उपाय पुढे येईल.

हलकेपणाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. १९८१ साली बाजारात आलेला ऑस्बोर्न वन हा हातात धरून नेण्याजोगा म्हणून विकला गेलेला पहिल्या यशस्वी संगणकांपैकी एक. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा. शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसायचा. त्याच १९८१ साली दुबईत आपलं जायटेक्स प्रदर्शन सुरू झालं. १९९२ मध्ये आयबीएमने पहिला थिंकपॅड लॅपटॉप आणला, कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपका असलेला. २००५ मध्ये तो सगळा व्यवसाय लेनोव्होकडे गेला. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, आणि २०११ पासून इंटेलने 'अल्ट्राबुक' हे नाव रूढ केलं. आज १३-१४ इंचांचे चांगले बिझनेस लॅपटॉप एक ते सव्वा किलो भरतात. केबिन बॅगेला सात किलोची मर्यादा असताना अडीच किलोचा लॅपटॉप आणि सव्वा किलोचा लॅपटॉप यांतला फरक म्हणजे परतीच्या वेळी आईने दिलेल्या भाजणीचा आणि मेतकुटाचा डबा. हे गणित आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको.

हलकेपणाची किंमत मात्र द्यावी लागते. पातळ करायचं म्हणून अशा बहुतेक यंत्रांत रॅम मुख्य पट्टीवर कायमची डकवलेली असते. पुढे वाढवू म्हणता येत नाही. म्हणून घेतानाच १६ जीबी घ्यावी. आठ जीबीवर ब्राउझर, टीम्स आणि एक वर्डची फाइल एकत्र चालतात खऱ्या, पण धापा टाकत. साठवणुकीची एसएसडी मात्र बहुधा बदलता येते, तेव्हा २५६ जीबी असली तरी अडत नाही.

दुसरी पाहायची गोष्ट प्रोसेसरची पिढी. इंटेलच्या नावात आय-फाइव्ह किंवा आय-सेव्हननंतर जो लांब आकडा असतो त्याची सुरुवात पिढी सांगते: ८२५० म्हणजे आठवी, १०३१० म्हणजे दहावी. पुष्कळ दुकानदार "आय-सेव्हन आहे मॅडम" एवढंच सांगतात. सातव्या पिढीचा आय-सेव्हन हा आठव्या पिढीच्या आय-फाइव्हपेक्षा आज कमी कामाचा आहे, कारण विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि त्यापुढचीच यंत्रं अधिकृतपणे चालतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर घेण्याची सोय आहे, पण ती तात्पुरती. सध्या बाजारात सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांचा जो स्वस्ताईचा पूर आला आहे त्याचं कारण हेच. चारशे दिरहमला मिळतंय म्हणून भावाला पाठवायला घेऊ नका.

खरेदीला आम्ही बर दुबईला गेलो. खालिद बिन अल वलीद रस्ता, ज्याला जुने लोक बँक स्ट्रीट म्हणतात आणि बाकीचे कॉम्प्युटर स्ट्रीट. बुर्जुमान मेट्रोला उतरून चालत जायचं. तिथली दुकानं आणि जवळचं अल ऐन सेंटर हे संगणकांचं माहेरघर. जुन्या यंत्रांना तिथे 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' म्हणतात. ही प्रत बहुतेक वेळा बाहेरच्या ओरखड्यांवरून ठरते, आतल्या तब्येतीवरून नाही. आपण मीना बझारमध्ये सोन्याची बांगडी घेताना किती कॅरेट, घडणावळ किती, वजन पुन्हा करा, असं चार दुकानांत विचारतो. इथे त्याच चिकाटीने बसावं. मी वही काढल्यावर पहिल्या दुकानदाराने तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दुकानातला मल्याळी गृहस्थ मात्र हसला, "टीचर हो क्या?" म्हणाला आणि स्टूल पुढे केलं.

त्याच्याकडे मी काय काय पाहिलं ते सविस्तर सांगते, कारण नंतर निदान सहा जणींनी मला हेच विचारलं.

सगळ्यात आधी लॅपटॉप बंद करून टेबलावर ठेवला आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणला. चारही पाय टेकतात का? खालचं झाकण फुगलंय का? मग उघडून टचपॅड पाहिला. तो मधून उचललेला वाटला किंवा दाबताना टकटक होत नसेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. अशा यंत्राला हात लावू नये, कितीही स्वस्त असो. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते.

मग बॅटरीची पत्रिका. विंडोजमध्ये एक लहानशी कमांड टाकली की बॅटरीचा अहवाल तयार होतो, दुकानदाराला 'बॅटरी रिपोर्ट काढा' म्हटलं की कळतं. त्यात दोन आकडे पाहायचे, जन्मतः क्षमता किती आणि आत्ता पूर्ण भरल्यावर किती. आमच्या यंत्राला जन्मतः ५१,००० होते आणि आता ४३,०००. म्हणजे ८४ टक्के. चार-पाच वर्षांच्या यंत्राला हे चांगले गुण. साठच्या खाली असेल तर बॅटरी बदलून मागावी किंवा तेवढी किंमत कमी करून घ्यावी.

पुढची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच लोक टाळतात कारण तिला पाऊण तास लागतो. दुकानदाराला सांगायचं, हा लॅपटॉप पूर्ण रिसेट करा आणि पहिल्यापासून माझ्यासमोर सुरू करा. वायफाय म्हणून आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट द्यायचं. मोठ्या कंपन्या आपली यंत्रं मायक्रोसॉफ्टच्या यादीत नोंदवून ठेवतात. नोंद काढायची राहिली असेल, किंवा यंत्र भलत्याच वाटेने बाजारात आलं असेल, तर इंटरनेट मिळताच पडद्यावर कुठल्यातरी कंपनीचं नाव आणि "ऑफिसचा ईमेल टाका" अशी सूचना येते. मग ते यंत्र आपलं होत नाही. आज दुकानदाराने काही युक्ती करून पुढे नेलं, तरी पुढच्या रिसेटला पुन्हा तेच. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर असंच एका परदेशी बँकेचं नाव उगवलं. दुकानदाराने काही न बोलता तो उचलून आत ठेवला आणि दुसरा काढला. तसंच यंत्र सुरू होताना बायोसमध्ये जाऊन पाहावं. तिथे पासवर्ड मागितला तर नको म्हणावं. काही यंत्रांत तो विसरला गेला की मुख्य पट्टीच बदलावी लागते.

शेवटी अनुक्रमांक. यंत्राच्या पोटावर छापलेला अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की हे यंत्र कधीचं, कोणत्या देशासाठी बनवलेलं आणि हमी शिल्लक आहे का, हे कळतं. बिझनेस लॅपटॉपना अनेकदा तीन वर्षांची हमी असते, आणि काहींची हमी दुसऱ्या देशातही चालते, नवं घेणाऱ्यांनी "इंडिया में चलेगा?" हा प्रश्न तोंडी न विचारता बिलावर लिहून घ्यावा. पाच टक्के व्हॅट लावलेलं, अनुक्रमांक लिहिलेलं बिल हेच चोरीच्या मालाच्या शंकेवरचं औषध. असं बिल न देणाऱ्याकडून घेऊ नये.

तेराशे दिरहमला सौदा झाला. १४ इंची पडदा, दहावी पिढी, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी, वजन एक किलो शंभर ग्रॅम. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, नाहीतर हा लेख अंकाच्या जाहिरातींच्या पानांत जायचा. दुकानदाराने एक महिन्याची स्वतःची हमी दिली आणि मुलीसाठी एक माऊस फुकट.

आता घरी आल्यावरच्या गोष्टी. माझ्या अनुभवात हलक्या लॅपटॉपच्या दहातल्या सात तक्रारी या बिघाड नसतातच. सातवीच्या वर्गात "बाई, पेन चालत नाही" म्हणणाऱ्या मुलाचं टोपण काढून द्यावं लागायचं, त्यातलाच प्रकार.

नवऱ्याच्या पहिल्या मोठ्या मुलाखतीला पाच मिनिटं असताना कॅमेरा काळा. टीम्स बंद करून पुन्हा सुरू केलं, परवानग्या तपासल्या, त्याच्या कपाळावर घाम. बिझनेस लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बारीकशी सरकपट्टी असते, बोटाच्या नखाने सरकणारी. आमच्या कन्येने आदल्या संध्याकाळी ती खेळता खेळता लावून ठेवली होती. मी सरकवली, चेहरा दिसला, मुलाखत वेळेवर सुरू झाली. तसंच माइकचं. वरच्या रांगेतल्या एका बटणावर माइकचं चित्र असतं, त्याचा बारीक दिवा पेटलेला असला की आवाज जात नाही, मग अॅपमध्ये काहीही करा. आणि व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ कॉल इथून लागत नाही हा तर लॅपटॉपचा दोष नव्हेच. नव्याने आलेल्या सासूबाई-सासऱ्यांना हे समजावण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. झूम, टीम्स आणि मीट लागतात, वर्ग आणि मुलाखती त्यांवर चालतात.

इथल्या यंत्रांचा एक खास आजार आहे, तो पुण्यातल्या दुरुस्तीवाल्यालाही चटकन कळणार नाही. इथे विकलेल्या बहुतेक लॅपटॉपवर इंग्रजीसोबत अरबी अक्षरं असतात आणि विंडोजमध्ये अरबी भाषा बसवलेली असते. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले की भाषा बदलते, आणि टाइप केलेलं सगळं अरबीत उमटतं. पासवर्ड "चुकीचा" यायला लागतो तो यामुळेच. आणि उजवीकडचे कंट्रोल व शिफ्ट एकत्र दाबले गेले तर ओळ उजवीकडून डावीकडे सुरू होते. माझ्या वर्गात बाराखडी लिहिताना पूर्णविराम ओळीच्या भलत्याच टोकाला जाऊन बसला आणि मुलं खिदळायला लागली. डावीकडचे कंट्रोल आणि शिफ्ट दाबले की गाडी रुळावर.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आमच्या संपादक मंडळाच्या वतीने एक विनंती. विंडोजमध्ये मराठीचे कीबोर्ड फुकट असतात, एक इनस्क्रिप्ट आणि २०१९ पासून एक उच्चारानुसार चालणारा. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडायची एवढंच. त्यात लिहिलेला लेख युनिकोडमध्ये असतो आणि कुठेही तसाच उघडतो. जुन्या फॉन्टमध्ये लिहून आलेले लेख उघडले की पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी दिसते, आणि मग ते कोणाला तरी पुन्हा टाइप करावे लागतात, बहुधा मलाच. हिंदीचा कीबोर्ड वापरणाऱ्यांचा 'ऱ्य' अडतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'र' दाबला की 'ऱ' मिळतो, त्याचा पाय मोडून पुढे 'य' लिहायचा. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं यांत फरक आहे. पहिले प्रवचन करतील आणि दुसरे जिलेबी.

चार्जिंगच्या तक्रारी. आताचे हलके लॅपटॉप युएसबी-सीने चार्ज होतात, मोबाइलसारखेच, म्हणून घरात कोणीही कोणताही चार्जर लावतं. मोबाइलचा चार्जर २० वॉटचा असतो आणि अशा लॅपटॉपला साधारण ४५ ते ६५ वॉट लागतात. "स्लो चार्जर" अशी सूचना येते, किंवा लावूनही टक्के उतरत जातात. बॅटरी गेली असं समजून नवी मागवण्याआधी चार्जरवरचा बारीक मजकूर वाचा. आणि वायरही तपासा, कारण मोबाइलबरोबर आलेली प्रत्येक वायर एवढा भार नेतेच असं नाही. चार्ज अजिबात होत नसेल तर विजेरीने पोर्टमध्ये पाहा, इथल्या धुळीचा आणि पर्समधल्या कापसाचा बोळा तिथे बसलेला असतो. यंत्र बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढावा. सुई, पिन नको.

धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार भारतात सुट्टीवर गेलेले हमखास करतात. बऱ्याचदा कारण दोन पिनांचं कनेक्शन, म्हणजे अर्थिंग नाही. चार्जर बिचारा १०० ते २४० व्होल्ट सगळीकडे चालतो, फरक फक्त भिंतीतल्या प्लगचा. इथे चपट्या तीन पिना, तिथे गोल तीन. जुन्या ठोकळेवजा चार्जरची भिंतीकडची वायर सुटी निघते. भारतात तेवढी तीन पिनांची वायर विकत घ्यावी. डुगडुगणारा कन्व्हर्टर लावून त्यावर सगळा संसार लटकवू नये.

आता उष्णता, कारण आपण राहतो तिथे हा प्रश्न मुख्य. बहुतेक लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ४५, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याच्याही कितीतरी वर. लिथियम बॅटरीला उष्णतेइतकं म्हातारं दुसरं काही करत नाही. "दहा मिनिटांत येते" म्हणून लॅपटॉप गाडीच्या सीटवर ठेवून लुलूत शिरू नये. उलटाही त्रास आहे: एसीच्या खोलीतून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते ना, तशीच ती थंड लॅपटॉपवरही धरते. बाहेरून दुसरीकडे गेल्यावर बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा, मग उघडावा.

पंख्याचा घरघराट सुरू झाला तर आधी तो कुठे ठेवलाय ते पाहा. रजईवर, सोफ्यावर ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात. टेबलावर ठेवूनही आवाज असेल तर धूळ. इथल्या बारीक वाळूने वर्ष-दीड वर्षात पंख्याची पाती भरतात. दुकानात तीस-चाळीस दिरहमला साफ करून देतात, खालचं झाकण उघडलेलं असताना शेजारी उभं राहावं.

एप्रिलमध्ये आमच्याकडे एक गंमत झाली. लॅपटॉप झाकण मिटून बॅगेत ठेवला, अबू धाबीला मुलाखतीला पोचेपर्यंत बॅग गरम आणि बॅटरी ११ टक्के. नवऱ्याचं प्रमाणपत्रांचं सगळं सादरीकरण त्यात होतं. चार्जर सोबत होता म्हणून निभावलं. झाकण मिटलं म्हणजे यंत्र झोपतं, पण आताच्या यंत्रांची झोप फार सावध असते. ती मध्येच जागी होऊन अपडेट घ्यायला लागतात, आणि बंद बॅगेत तापतात. तेव्हापासून प्रवासाआधी आम्ही लॅपटॉप झोपवत नाही, बंद करतो. झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' व्हावं असं सेटिंगही करता येतं.

आणि खरोखर काही अडलं, पडदा काळा पडला, बटण दाबूनही जाग नाही, तर रडण्याआधी तीन गोष्टी कराव्या. दिवा लागतोय पण पडदा काळा असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. पडद्याची यंत्रणा पुन्हा सुरू होते. दिवाच नसेल तर चार्जर काढा, सुरू करण्याचं बटण पूर्ण तीस सेकंद दाबून धरा, सोडा, चार्जर लावा, पुन्हा सुरू करा. काही थिंकपॅडच्या पोटाशी यासाठी एक बारीक भोक असतं, त्यात क्लिपचं टोक हलकेच दाबायचं. आणि नुसतं मंद चालत असेल तर 'शटडाउन' करू नका, 'रीस्टार्ट' करा. ऐकायला उलटं वाटतं, पण विंडोजमध्ये जलद सुरुवातीच्या सोयीमुळे शटडाउनमध्ये काही गोष्टी जशाच्या तशा जपून ठेवल्या जातात, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

एक कागद मात्र आजच लिहून ठेवा. अनेक लॅपटॉपची माहिती 'बिटलॉकर' नावाच्या कुलपात असते. एखाद्या अपडेटनंतर किंवा दुरुस्तीनंतर पडदा निळा होतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. ती आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, पण ते खातं उघडायचा पासवर्ड त्याच बंद लॅपटॉपमध्ये असेल तर? किल्ली कागदावर उतरवून पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवली आहे, तिथे जिथे लग्नाचा दाखला आणि पदव्यांच्या साक्षांकित प्रती आहेत. फोटो आणि ही कागदपत्रं ऑफिसच्या यंत्रावर नव्हती, घरच्या क्लाउडवर होती, म्हणून फेब्रुवारीत ती वाचली. त्याच्या विभागातल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचे पहिल्या वर्षाचे सगळे फोटो त्या दुपारी त्या टेबलावर गेले. त्याने आयटीला तीन मेल पाठवले. यंत्र पुसून झालं होतं.

जूनमध्ये नवऱ्याला शारजात नोकरी लागली, आधीपेक्षा थोड्या कमी पगाराची. नव्या ऑफिसने लॅपटॉप दिला आहे. तो संध्याकाळी पावणेदोन किलोच्या ओझ्यासकट घरी येतो आणि दाराजवळच्या कपाटात राहतो. मुलीला त्याला हात लावायची परवानगी नाही. घरचा लॅपटॉप आता जवळजवळ माझाच झाला आहे. वर्गात मुलं बारा झाली, त्यांतली दोन मस्कतची, आणि हा लेखही त्याच्यावरच लिहिला.

डिसेंबरमध्ये सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी थोडं. भारतात उतरताना १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय नेता येतो, म्हणून जुना भावासाठी आणि नवा आपल्यासाठी असे दोन असतील तर ते नवरा-बायकोने वाटून घ्यावे, एकाच बॅगेत ठेवू नयेत. लॅपटॉप केबिनमध्येच न्यावा. पॉवर बँकही सामानात टाकायची नसते. एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी केली आहे, १०० वॉट-आवरच्या आतली एकच जवळ ठेवता येते. आणि जुना लॅपटॉप भावाला देणार असाल तर इथून निघण्याआधीच आपल्या सगळ्या खात्यांतून बाहेर पडून तो रिसेट करा, मायक्रोसॉफ्टच्या खात्यातल्या यंत्रांच्या यादीतूनही काढा, अरबी भाषा उडवा, मराठी जोडा. गोल पिनांची वायर तिथे स्टेशनजवळच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, आयएसआयचा शिक्का बघून घ्यायला सांगा.